तोट्यात घर विकलं, आता पुढचं कधी?

भोरहून रायरेश्वराकडे जाताना लागणारं आंबवडे बाहेरच्यांना नागेश्वराच्या मंदिरामुळे आणि पंतसचिवांच्या संस्थानी काळातल्या झुलत्या पुलामुळे माहीत असतं. गावातली कमावती माणसं मात्र कित्येक पिढ्या दुसरीकडेच राहत आली आहेत. आधी मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या होत्या. हल्ली शिरवळचे कारखाने, खेड शिवापूरची गोदामं आणि पुण्यातला कात्रज, आंबेगाव, नऱ्हे, धायरी हा पट्टा. भोर-वेल्ह्याचा माणूस पुण्यात पहिला फ्लॅट घेतो तो बहुधा याच पट्ट्यात. सातारा रस्ता धरला की दोन तासांच्या आत गावच्या जत्रेला पोचता येतं, हे कारण बिल्डरच्या जाहिरातीत नसतं, पण घर ठरवताना तेच वजनदार ठरतं.

अडचण येते ती नोकरी हलली की. कंपनी चाकणला जाते, कुणाला थेट हैदराबादचं पत्र मिळतं, कुणाची नोकरीच जाते आणि नवी मिळते ती दोनशे किलोमीटरवर. इथला हप्ता आणि तिथलं भाडं एका पगारात बसत नाही. घर भाड्याने द्यावं, तर पुण्याच्या या भागात भाडं बहुधा हप्त्याच्या निम्मंही येत नाही. मग घर विकायला काढायचं, आणि तेव्हा कळतं की गिऱ्हाईक देतंय त्यापेक्षा बँकेचं येणं जास्त आहे.

अमेरिकेत या प्रकाराला शॉर्ट सेल म्हणतात. बँकेच्या संमतीने घर कर्जापेक्षा कमी किमतीला विकायचं आणि उरलेली रक्कम बँकेने सोडायची किंवा मागायची. २००८ नंतर तिथे अशा विक्रीची लाट आली आणि त्यातून नियमही घडले. फॅनी मे ही संस्था ज्या कर्जांना आधार देते, त्यांत शॉर्ट सेलनंतर साधारणपणे चार वर्षं थांबावं लागतं. नोकरी जाणं, मोठं आजारपण अशी कारणं कागदोपत्री सिद्ध झाली तर दोन वर्षं. सरकारी विम्याच्या एफएचए कर्जाला तीन वर्षं. म्हणजे माणसाला निदान तारीख कळते. आपल्याकडे अशी तारीख कुणी देत नाही, आणि बरेचसे चुकीचे निर्णय त्या धूसरपणातून होतात.

मुळात आपल्याकडे घराची किंमत कर्जाखाली जातेच कशी? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्केच कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च त्या किमतीत साधारणपणे धरत नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्कच ७ टक्के, म्हणजे खरेदीदाराचे खिशातले पैसे भरपूर गेलेले असतात. अमेरिकेसारखी एका वर्षात किमती कोसळण्याची वेळही इथे क्वचितच येते. तरी दरी पडते, आणि त्याचं पहिलं कारण इमारतीच्या कागदांत असतं. नऱ्हे-धायरीसारखी गावं २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने पुणे महापालिकेत आली. त्याआधी तिथे गुंठ्यावर उभ्या राहिलेल्या बऱ्याच इमारतींना पूर्ण परवानगी नव्हती. नवीन असताना एखाद्या वित्तसंस्थेने अशा फ्लॅटवर चढ्या व्याजाने कर्ज दिलं. पाच वर्षांनी विकायला काढला, तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाला एकही मोठी बँक कर्ज देईना. रोखीने घेणारा तेवढा उरतो, आणि तो त्याच्या भावाने घेतो.

दुसरं कारण, घरावर नंतर घेतलेलं टॉप-अप कर्ज. बहिणीचं लग्न, वडिलांची बायपास, गावचं घर बांधायला काढलेले सहा लाख. तिसरं, घर न मिळताच सुरू झालेले हप्ते. ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डर भरेल अशा योजनांत बिल्डर थकला की हप्ता ग्राहकाच्या डोक्यावर येतो. अशा योजनांतलं कर्जवाटप थांबवण्याची सूचना राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना जुलै २०१९ मध्ये केली, तोवर पुष्कळ कुटुंबं अडकून बसली होती.

आता एक हिशेब जरा जवळून पाहू. समजा ४० लाखांचा फ्लॅट, त्यावर ३२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण २७,८०० रुपये. चार वर्षं नियमित भरल्यावरही मुद्दल २९ लाखांच्या आसपास शिल्लक असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. मग नोकरी गेली. सात-आठ हप्ते थकले. व्याज, दंड, नोटिशीचा खर्च धरून येणं ३१ लाख. एजंटाने आणलेलं सगळ्यात बरं गिऱ्हाईक २७ लाख देतंय. दरी चार लाखांची.

इथे दोन वाटा फुटतात. एक, चार लाख कुठूनही उभे करून कर्ज पूर्ण फेडायचं. दुसरी, बँकेकडे ओटीएसचा अर्ज करायचा, म्हणजे एकरकमी तडजोड, आणि २७ लाखांत हिशेब मिटवायचा. दुसरी वाट स्वस्त दिसते. लोकअदालतीच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात बँकांची टेबलं लागतात तेव्हा तिथला अधिकारी हीच वाट दाखवतो. त्यालाही वसुलीचा आकडा हवा असतो. पण तडजोड झालेलं कर्ज पतअहवालात 'सेटल्ड' म्हणून जातं, पूर्ण फेडलेलं 'क्लोज्ड' म्हणून. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान वरखाली होत राहतो आणि तो सुधारताही येतो. 'सेटल्ड' हा शेरा मात्र वर्षानुवर्षं तिथेच बसतो. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षं जपाव्याच लागतात. लोकअदालतीत तडजोड झाली म्हणून शेरा बदलत नाही, हे त्या टेबलावर कुणी सांगत नाही.

त्या शेऱ्याची किंमत काढू. पुढच्या गावी ३० लाखांचं कर्ज हवंय. स्वच्छ अहवालावर साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,००० च्या आसपास. शेरा असलेल्या माणसाला मोठी बँक नाही म्हणते, छोटी वित्तसंस्था समजा दोन टक्के जास्त लावून देते. साडेदहा टक्क्यांनी हप्ता जवळपास ३०,००० होतो. महिन्याला ३,९०० चा फरक, २० वर्षांत नऊ लाखांहून जास्त. मधल्या काळात कर्ज दुसरीकडे वळवता आलं तर नुकसान कमी होईल, हे खरं. उलट तेच चार लाख वैयक्तिक कर्जाने उभे केले असते, १२ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी, तर हप्ता सुमारे १३,३०० आणि एकूण फेड ४ लाख ७८ हजारांची. म्हणून माझं मत असं की दरी पाच-सहा लाखांच्या आत असेल तर तडजोडीच्या मोहात पडू नये. सोनं गहाण ठेवावं, पीएफमधून घरकर्जासाठी पैसे काढता येतात का ते पाहावं, नव्या कंपनीकडे उचल मागावी, भावकीत हात पसरावा. दरी पंधरा लाखांची असेल तर हा सल्ला पोकळ आहे. तिथे तडजोडच करावी, आणि ती नीट करावी.

एक मात्र आहे. वैयक्तिक कर्ज हप्ते थकण्याआधीच मिळतं. तीन हप्ते चुकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं आणि सगळी दारं एकदम बंद होतात. बदलीचा आदेश किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र हातात पडतं तेव्हाच बँकेत जायला हवं. त्या दिवशी तुम्ही चांगले खातेदार असता आणि समोरचा माणूस चहा विचारतो. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने नुसतं व्याज भरणं, असं काही त्याच टप्प्यावर मागता येतं. आपली माणसं नेमकं उलटं करतात. शाखेतून आलेले फोन टाळतात, पत्ता बदलतात, आणि नोटीस जुन्या फ्लॅटच्या दाराला चिकटवलेली शेजाऱ्यांना दिसते.

पुढचा प्रवास २००२ च्या सरफेसी कायद्याने ठरलेला आहे. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं. मग ताबा. मग लिलाव. बँकेच्या कारवाईविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांत दाद मागता येते. सगळं येणं भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे स्वतः गिऱ्हाईक आणून विकायचं असेल, तर ते त्या सूचनेआधी. लिलावात बोली राखीव किमतीच्या जेमतेम वर जाते, आणि घर विकूनही येणं उरलं तर कलम १३(१०) प्रमाणे बँक ते मागायला डीआरटीत जाऊ शकते. घर गेलं म्हणजे कर्ज गेलं, हा समज गावाकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे.

आंबवड्यासारख्या गावात आणखी एक समज असतो, की गावची शेती बँकेला लागत नाही. सरफेसीतून शेतजमीन वगळली आहे हे बरोबर. पण डीआरटीने वसुलीचा दाखला काढला तर ती सुटेलच याची खात्री नाही. आणि कर्ज पतसंस्थेचं असेल तर कायदाच वेगळा. तिथे सहकार कायद्याचा १०१चा दाखला येतो, आणि सिबिलपेक्षा मोठा प्रश्न जामीनदारांचा असतो. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नसतात, तिथली थकबाकी बहुतेकदा पतअहवालात दिसतही नाही. जामीनदार मात्र चुलतभाऊ असतो, शाळेत शिपाई असतो, आणि त्याच्या पगारातून कपात सुरू होते. कर्जदार हैदराबादला सुखाने नांदतोय आणि जामीनदाराची दिवाळी कोरडी, असं झालं की गावच्या पारावर जो अहवाल तयार होतो त्याला सात वर्षांची मुदत नसते. पतसंस्थेचं आणि बँकेचं दोन्ही थकलं असेल तर आधी जामीनदाराला सोडवावं, असं मला वाटतं. व्यवहारज्ञानाच्या पुस्तकात हे बसणार नाही.

तडजोड करायचीच ठरली तर ती हक्काने मागता येत नाही. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगून टाकलंय. म्हणजे मागणी कशी मांडली यावर बरंच अवलंबून. गिऱ्हाइकाचं लेखी देकार-पत्र, मूल्यांकनाचा अहवाल, नोकरी गेल्याचा कागद, हे सगळं जोडून अर्ज दिला तर शाखेला वरच्या कार्यालयाकडे काही पाठवता येतं. मंजुरीचं पत्र मिळालं की तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. रक्कम पूर्ण आणि अंतिम आहे असं स्पष्ट लिहिलंय का. उरलेली रक्कम पुन्हा मागणार नाही असं म्हटलंय का. आणि मुदत कोणती, कारण एक दिवस चुकला तर तडजोड रद्द होऊन मूळ आकडा परत उभा राहतो. गिऱ्हाइकाच्या बँकेचा धनादेश या मुदतीत निघेल का, हे आधी विचारून घ्यावं. कित्येक व्यवहार इथेच फिसकटतात.

पैसे भरल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. सरसाईच्या केंद्रीय नोंदणीतला बोजाही उतरवून घ्यायचा. तो राहिला तर नव्या मालकाचं कर्ज अडतं आणि तो बरोबर तुमच्या नव्या गावी फोन करतो.

कराचं एक टोक बहुतेक जण विसरतात. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाअखेरपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर मुद्दलफेडीवर आधी घेतलेली प्राप्तिकराची सवलत विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत धरली जाते. तोटा झाला तरीही. रेडीरेकनरचा आकडा विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाला तर तोच आकडा किंमत म्हणून धरतात, आणि फरकावर खरेदी करणाऱ्यालाही कर बसू शकतो. गिऱ्हाईक ऐनवेळी मागे सरतं त्याचं कारण कधी कधी हेच असतं. त्याच्या सीएने त्याला सांगितलेलं असतं, तुम्हाला कुणी नाही.

आता नवं घर. तडजोड झालेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबावं, असं रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीत आहे. ही किमान मर्यादा. बँकेच्या संचालक मंडळाला ती वाढवता येते, आणि व्यवहारात मोठ्या बँका शेरा दिसतो तोवर हात आखडताच ठेवतात. पूर्ण फेड करून बाहेर पडलेल्या माणसाला ही अट लागत नाही, पण थकलेल्या हप्त्यांच्या खुणा अहवालात असतातच. शिवाय नवी नोकरी म्हणजे प्रोबेशन. सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि कायम झाल्याचं पत्र नसेल तर चांगलं सिबिल असूनही फाइल पुढे सरकत नाही.

म्हणजे भाड्याने राहायचंय. आपल्याकडे याची उगाच लाज वाटते. 'अजून भाड्यानेच?' हा प्रश्न लग्नकार्यात हमखास विचारला जातो आणि त्या एका प्रश्नापायी माणसं शेऱ्याचा डाग घेऊन वाटेल त्या व्याजाचं कर्ज काढतात. नव्या शहरात पहिली दोन-तीन वर्षं भाड्याने राहण्यात तोटा कमीच असतो. कंपनी टिकते का, शाळा कुठली, पावसाळ्यात कुठल्या भागात पाणी साचतं, हे कळल्याशिवाय घर घेणं म्हणजे पहिल्याच घराची पुनरावृत्ती. याच काळात एखादं छोटं कर्ज, दुचाकीचं किंवा मुदतठेवीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाचं, वेळेवर फेडत राहावं. दर वर्षी चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी एक अहवाल फुकट मिळतो, तो काढून वाचावा. फेडलेलं कर्ज थकलेलं दिसत असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तडजोडीत सोडलेली रक्कम हातात पैसा आल्यावर भरून बँकेकडून शेरा 'क्लोज्ड' करून घेता येतो. बऱ्याच बँका तो बदलून देतात, पण पत्रव्यवहार नेटाने करावा लागतो.

बायकोच्या नावावर घर घ्यायचा मार्गही सुचवला जातो. महाराष्ट्रात महिलेच्या नावाने खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि तिची नोकरी असेल तर मार्ग चांगलाच आहे. फक्त जुन्या कर्जात ती सहकर्जदार होती का ते पाहावं. बहुतेक घरकर्जांत असतेच, आणि मग शेरा तिच्याही अहवालात असतो.

मुंबईच्या गिरणगावाने हे सगळं एकदा वेगळ्या रूपात पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि बऱ्याच कामगारांनी पगडीची खोली मिळेल त्या भावाला काढून टाकली. काही गावी परतले, काही डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे सरकले. तेव्हा सिबिल नव्हतं, पण दुसरं घर घ्यायला बँकही नव्हती. सोसायटी, सोनं आणि गावकीच्या मंडळाची उसनवारी यांवर ती घरं उभी राहिली. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपाला ३० वर्षं झाल्यावर.

सरकारी मदतीचं आजचं चित्र बरं आहे, पण त्यात आंबवडेकराला एक ठेच आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागातल्या दुसऱ्या टप्प्यात, सप्टेंबर २०२४ पासून, वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरावर, २५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं व्याज-अनुदान आहे. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. पहिल्या फ्लॅटला आधीच्या टप्प्याची सवलत घेतली असेल तर पुन्हा मिळत नाही. आणि गावचं घर? वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही. वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मुलाचं नाव लागलं असेल आणि घर पक्कं असेल, तर ते मोजलं जातं. शहरात पाय रोवण्याआधीच वारसनोंद करून मोकळं होण्याची घाई या अनुदानाला महागात पडते.

त्याच गावच्या घराकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. गावठाणातल्या घराला आजवर मिळकतपत्रिका नसल्याने त्यावर बँका कर्ज देत नव्हत्या. ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झालं आणि २०२० पासून ते स्वामित्व योजनेखाली देशभर चालू आहे. मिळकतपत्रिका हातात आली की गावचं घर तारणाला चालू शकतं. चाकणला किंवा हैदराबादला भाड्याने राहून, पहिला खर्च गावचं घर दुरुस्त करण्यावर करायचा, असंही काही कुटुंबं आता ठरवतात. तसं करणाऱ्याने अनुदानावर पाणी सोडलेलं असतं, आणि म्हातारी आई भाड्याच्या दोन खोल्यांत यायला तयार नसते, हेही त्या हिशेबात धरलेलं असतं.